चित्र येतं, हाक जात नाही

४ फेब्रुवारी

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणाल, रोज संध्याकाळी फोनवर हिचं तोंड दिसतं, मग ही कागद काय खरडत बसली. वन्सं, फोनवर सगळं घर असतं. आई तर काचेला नाक लावून बसतात. ढब्बू कुठंय, ढब्बूला जवळ आण, तू जरा बाजूला हो म्हणतात. मी होते बाजूला. नातू दिसला की त्यांचं पोट भरतं, सून दिसली काय नि नाही काय. पण त्या गर्दीत मला जे सांगायचंय ते सांगता येत नाही. मेसेज टाकावा तर तुमचा फोन घरात कुणीही उघडून मोठ्यानं वाचतं. त्यात आईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून इकडचं काही तिकडं कळवायचं नाही असा यांचा हुकूम आहे. मी फोनवर हसते आणि फोन ठेवला की रडते. यांच्याबरोबरचे एक फिटर सुट्टीवर निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. पार्लरमध्येच वाचा, घरी नेऊ नका. माझी शाळा सहावीत सुटली, अक्षर पण तिथंच राहिलंय. सांभाळून घ्या.

सांगायचं ते असं, की ढब्बूला आकडी आली होती. या परक्या देशात येऊन आम्ही बॅगा पण नीट उघडल्या नव्हत्या. अंग तापलं होतं, मी कपाळावर ओली घडी ठेवत होते, तर एकदम त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, ओठ जांभळे. वन्सं, मला वाटलं, गेला. हे घरी होते म्हणून निभावलं. यांनी आपल्या कंपनीच्या फोनवरून मदतीचा नंबर लावला, गाडी आली, दवाखान्यात पोचेपर्यंत तो शुद्धीवर पण आला आणि नर्सच्या खिशातलं पेन ओढायला लागला.

नर्स चांगली होती. यांना तोडकीमोडकी भाषा येते, त्यातून कळलं ते एवढं, की काही पोरांना तापात अशी आकडी येते, मोठी झाली की जाते, पण परत येऊ शकते. आली तर कुशीवर निजवायचं, तोंडात चमचा-बिमचा काही घालायचं नाही, पोराला एकटं सोडायचं नाही, आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच त्या नंबरला फोन. तो नंबर मी भिंतीवर चिकटवलाय. पाठ आहे तरी चिकटवलाय.

आता हे सोमवारी बोगद्याच्या कामावर जातात ते शनिवारी उगवतात. तिथं डोंगराच्या पोटात रेंज नाही. मी आणि ढब्बू दोघंच. खोली बरी आहे, खाली लाँड्री आहे म्हणून जमीन कोमट असते. दिवसभर मशिनी घुमतात, मांडणीवरचे पेले एकमेकांना धडकतात आणि साबणाची वाफ जिन्यातून वर येते. खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसते. आम्हाला कुणी ओळखत नाही, आम्ही कुणाला ओळखत नाही. सगळा भरवसा काय तो तुम्ही दिलेल्या फोनवर.

आणि त्या फोनवर रोज एक मेसेज येतोय. वर लाल त्रिकोण, खाली त्यांच्या लिपीतलं काहीतरी. यांना दाखवला तर म्हणाले, इथले फोन कंपनीवाले आहेत, काहीतरी विकत असतील, पुसून टाक. मी पुसते. दुसऱ्या दिवशी परत हजर, पुसलेल्या ओट्यावर मुंग्या याव्यात तसा. फोन म्हणे स्वतःच भाषा बदलून दाखवतो, तेही यांनी करून बघितलं. तर निघालं, आपले उपकरण बंद रस्त्यावर उभे आहे, कृपया सुधारणा करावी. हे हसत सुटले. मला हसू आलं नाही.

वन्सं, फोन तुम्ही घेतलात म्हणून तुम्हाला विचारते. तो मदतीचा नंबर यावरून लागेल ना? उगाच लावून बघता येत नाही, खोटा लावला तर दंड करतात म्हणे. म्हणजे ज्या दिवशी खरी वेळ येईल त्याच दिवशी कळणार, लागतो की नाही. हे माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना पण तेच, केस विंचरताना पण तेच.

पार्लर कसं चाललंय? मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा. मला वेडी म्हणा पण उत्तर पाठवा. तुमची माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची
भागूबाई (नाव तुम्हीच पाडलंत)


२० फेब्रुवारी

चि. सौ. भित्र्या भागूबाईस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. एका बाईच्या डोक्याला डाय लावून ठेवला होता आणि म्हटलं तेवढ्यात वाचून काढू. वाचता वाचता माझेच डोळे भरले आणि तो डाय राहिला डोक्यावर. बाईचे केस आता कोळशासारखे झालेत. तिला सांगितलं, दहा वर्षांनी लहान दिसता. पटलं तिला.

ढब्बूचं ते दोनदा वाचलं गं. एवढंसं पोर. पण नर्स म्हणाली ना, मोठा झाला की जातं, मग जाईल. तू त्याला तापात गुंडाळून ठेवत असशील, तुझी सवय मला माहीत आहे, चार-चार स्वेटर चढवतेस. मोकळं ठेव. आईला मी काही बोललेले नाही. एका डोळ्याची पट्टी निघाली, दुसरा अजून लाल आहे. दिवसभर एकच धोशा, फोन कधी येणार. शेजारणींना बोलावून नातू दाखवते. परवा कुणीतरी म्हणालं, पोरगं बापावर गेलंय, तर म्हणाली, अजिबात नाही, माझ्यावर गेलंय.

आता फोनचं. तू त्या फोनवर संशय घेऊ नकोस, मला लागतं. पार्लरला येणाऱ्या एका बाईचा दीर बाहेरून फोन आणतो, त्याच्याकडून घेतला. कुठल्यातरी तिसऱ्याच देशात विकायला केलेला, आपल्याकडे दुकानात मिळत पण नाही. माझ्यासमोर डबा फोडला, वरचा कागद मी माझ्या हातानं सोलला. चित्र इतकं स्वच्छ की ढब्बूच्या नाकातला शेंबूड मोजून घ्यावा. तुझा आवाज खणखणीत येतो, आमचा तुला जातो. मग बिघाड कुठला?

आणि त्या मेसेजांचं म्हणशील तर मी या धंद्यात आयुष्य काढलंय. माझ्याकडे क्रीम विकायला बाई येते, ती आधी गिऱ्हाईकाला सांगते की तुमच्या गालावर वांग उमटायला लागलेत. मग पिशवीतून डबी काढते. आधी भीती घालायची, मग माल काढायचा. सगळीकडे तेच. बंधुराजांनी मला मागेच विचारलं होतं, तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं की पुसून टाक, त्यांना आपल्या गळ्यात त्यांचा फोन मारायचा असेल. पाठच्या भावंडांनी ऐकावं असं मी फार थोडं बोलते, पण जे बोलते ते बरोबर असतं.

नंबर लावून बघू नकोस. परक्या मुलखात पोलीस दारात आले तर तू त्यांना काय सांगणार आहेस, भाजी चिरता चिरता लागला म्हणून? जिवाला घोर लावून घेऊ नकोस. दूध पीत जा. मला असंच कागदावर लिहीत जा, बरं वाटतं, पार्लरमध्ये माझी पत येते.

ढब्बूच्या दोन्ही गालांना माझ्याकडून एकेक. आशीर्वाद तुझ्यापाशी आहेतच, संपले की कळव, आणखी पाठवीन.

तुझी
वन्सं


९ मार्च

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस शांत झोपले. तिसऱ्या दिवशी परत तेच. तुमचा शब्द मोडायचा नव्हता, पण मन ऐकेना. रागावू नका.

मी काय केलं सांगते. मदतीचा नंबर लावता येत नाही, पण दुसरा कुठला तरी साधा नंबर लावून बघायला कोण अडवतंय? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इथं आल्यापासून मी साधा फोन कुणालाच केलेला नाही. तुम्हाला करते तो चित्राचा. हे वाटेत रेंजमध्ये असले की यांना करते तो पण चित्राचा. मग खाली लाँड्रीवालीकडे गेले. धिप्पाड बाई आहे, बाह्या वर सरसावलेल्या, आवाज असा की मशीन पण दबकतं. ढब्बूला बघून मात्र विरघळते. तिच्या पाटीवर नंबर आहे, तो मी तिच्यासमोर उभी राहून लावला. माझ्या हातातला फोन टुक्क म्हणाला आणि बंद. तिचा गल्ल्यावर तसाच गप्प पडलेला. परत लावला. रस्त्यावर जाऊन लावला. तिनं तिच्यावरून माझा लावला, तर माझा मुका. आणि त्याच वेळेला त्याच फोनवर तुमचा आईंबरोबरचा फोटो येऊन पडला. तुम्ही दोघी हसताय.

वन्सं, मी तो फोन तिच्यासमोर धरून ढब्बूकडे बोट दाखवत राहिले. बाईला काय कळलं कोण जाणे, तिनं दुकान तसंच टाकलं आणि मला दंडाला धरून कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडे नेलं. त्याला खुणा कळतात, आणि त्याच्या फोनवर आपली भाषा बरी उमटते. त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन रस्ते काढून दाखवले. एका रस्त्यानं चित्रं आणि मेसेज जातात, तो आपल्या फोनला येतो. दुसरा साध्या बोलण्याचा जुना रस्ता, तो इथं कायमचा बंद केलाय, त्यावर त्यानं फुली मारली. आता बोलणं पण नव्या रस्त्यानंच न्यायचं असतं, पण ते फोनला त्या त्या देशाचं शिकवून ठेवावं लागतं. आपला फोन तिसऱ्याच देशासाठी शिकलाय. इथं त्याला बोलता येत नाही. माझ्यासारखंच झालं की त्याचं.

मग त्यानं दुकानातल्या भिंतीवरचा मदतीचा नंबर दाखवला, आपल्या फोनवर बोट ठेवलं आणि मान हलवली. नाही लागणार. आणि मदतीचा नंबर ज्यावरून लागत नाही असा फोन इथं चालू ठेवत नाहीत. या महिन्यात कधी पण पूर्ण बंद करतील, चित्र पण आणि मेसेज पण. ते लाल त्रिकोण हेच सांगत होते रोज, आणि मी रोज पुसत होते.

शनिवारी हे आले ते दमून, नखांत सिमेंट, डोळे सुजलेले. आधी जेवण होऊ दिलं, मग सांगितलं. म्हणाले, दुकानदार दुसरं काय सांगणार, ताईला विचारलंय मी. तुम्हाला आठवत असेल, त्या रात्री यांनी तुम्हाला फोन लावला. चित्र आलं, तुम्ही हात हलवलात, आई ढब्बूला हाका मारायला लागल्या. यांनी माझ्याकडे वळून बघितलं, की बघ, चालतोय. मला ओरडून सांगायचं होतं. पण आई समोर होत्या, डोळ्याला रुमाल लावून. मी बाजूला झाले.

झोपताना म्हणाले, पुढच्या फेरीला आलो की बघू. त्यांचा फोन मागितला, तर तो कंपनीचा, त्यावर हजेरी लागते, देता येत नाही. यांचा पण दोष नाही हो. पोराच्या आकडीचं नाव काढलं की यांचं तोंड पांढरं पडतं, म्हणून ते ऐकूनच घेत नाहीत.

मी आपल्या परीनं एक केलंय. खोलीतून पाण्याचा पाइप खाली जातो. लाँड्रीवालीशी ठरलंय, मी त्यावर यांच्या पान्यानं ठोकलं की तिनं वर यायचं. एकदा ठोकून पण बघितलं, आली. तिनं मला इथला पत्ता त्यांच्या भाषेत म्हणायला शिकवलाय. मी भांडी घासताना म्हणत असते, ढब्बूला वाटतं गाणं आहे, तो डुलतो.

कालपासून त्याचं नाक वाहतंय. अंग अजून गार आहे. मी सारखी हात लावून बघते, आता तो माझा हात बघितला की डोकं मागं घेतो.

त्या फोन आणणाऱ्या माणसाला विचाराल का? मी चुकले असले तर मला बरंच वाटेल. कान उपटा, पण आपली म्हणा.

तुमची
भागूबाई


२४ मार्च

चि. सौ. वहिनी,
अ. उ. आ.

आज थट्टा सुचत नाही. तुझं पत्र काल हाती पडलं. अर्धं वाचून शटर ओढलं आणि तशीच त्या माणसाकडे गेले. तो दात कोरत बसला होता. म्हणाला, व्हिडिओ चालतो ना ताई, मग झालं की. मी फोन विकलाय, तिथलं नेटवर्क नाही विकलं. त्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर उभा-आडवा धुतला, पण त्यानं तुझा फोन बोलायला लागणार नाही.

तुझं बरोबर होतं. मी तुला क्रीमवालीची गोष्ट सांगत बसले.

आणि आता दोन दिवस तुझा फोन लागतच नाही. चित्र पण नाही. म्हणजे त्यांनी बंद केला, हो ना? बंधुराजांना मेसेज टाकून ठेवलेत, सगळ्यांना एकच टिक. आई संध्याकाळी तयार होऊन, केस नीट करून, फोन समोर उभा करून बसते. काळ्या काचेत तिचंच तोंड दिसतं. काल मला विचारत होती, मी तिला सारखी बाजूला हो म्हणते म्हणून सून रुसली का गं? काय सांगू मी तिला? रेंज नाही म्हटलं.

ढब्बूचं नाक कसं आहे? ताप आला का? हे मी कुणाला विचारतेय, हे पत्र तुला मिळेल तेव्हा काय झालं असेल ते होऊन गेलं असेल.

तरी लिहिते. इथलं, बाहेरचं, कुणी दिलेलं, काही चालवून घेऊ नकोस. तिथल्या दुकानातला तिथला फोन घे, साधा, डबडा, कसलाही, पण त्याच दुकानात उभं राहून लावून बघ. तुझा नवरा आडवा आला तर हे पत्र त्याच्या तोंडावर धर. त्याच्यासाठी खालची ओळ.

अरे शहाण्या, ताईनं चूक सांगितलं. बायको बरोबर आहे. तिचं ऐक.

आणि जमत नसेल तर पोराला घेऊन सरळ इकडे ये. आईला काय सांगायचं ते मी बघते.

जीव टांगणीला लागलाय. तुला आशीर्वाद द्यायचे की तुझी माफी मागायची ते कळत नाही, दोन्ही समज.

तुझी
वन्सं


१ एप्रिल

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा. ढब्बू बरा आहे. माझ्या मांडीवर झोपलाय आणि घोरतोय. आता बाकीचं वाचा.

यांच्या मधल्या दोन फेऱ्या बघू-बघूवरच गेल्या, आणि फोन बंद झाला तो यांनी पाठ फिरवल्याबरोबर. सोमवारी सकाळी हे गाडीत बसले आणि दुपारी बघते तर फोनवरचे रेंजचे दांडे गेलेले, त्या जागी फुली. तुमच्याकडे लावला, नाही. यांना लावला, नाही. म्हटलं हरकत नाही, पाइप आहे.

गुरुवारी ढब्बू सकाळपासून किरकिर करत होता. दुपारी अंग तापलं, औषध दिलं, कपडे काढले. पाणी आणायला उठले आणि वळून बघते तर तेच. डोळे वर, हातपाय ताठ. कुशीवर निजवला. घड्याळ बघितलं. पाना घेतला आणि पाइपवर ठोकायला लागले.

वन्सं, कुणी आलं नाही. त्या दिवशी खाली कुठल्यातरी हॉटेलच्या चादरी आल्या होत्या, सगळ्या मशिनी एकदम घुमत होत्या. खालून जमीन थरथरत होती, मांडणीवरचा एक पेला पडून फुटला. मी ठोकत होते, पाइपचा रंग उडून माझ्या अंगावर पडत होता, आणि त्या घुमण्यात माझंच ठोकणं मला ऐकू येत नव्हतं. खिडकी उघडून ओरडले. खालून एक सायकलवाला चालला होता. त्यानं वर बघितलं आणि हसून हात हलवला. गेला निघून.

नर्सनं सांगितलेला वेळ उलटून गेला. आकडी थांबेना. त्याला ओकारी आली, मी तोंड पुसत होते, आता त्याला सोडून जिना उतरायचा म्हणजे कसा? उचलून न्यायचा तर तो हातात मावत नव्हता इतका ताठ. दार उघडून जिन्यात ओरडले. आमच्या दाराला लागूनच भिंतीत एक लोखंडी डबा आहे, सगळ्या इमारतीच्या विजेचा, वर कवटी काढलीय. मी एरवी त्याच्या बाजूनं जाताना पदर पण आवळून घेते. पण तिथून ढब्बू दिसत होता. झाकण उघडलं, आत एक मोठा दांडा होता, तो दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला.

सगळी इमारत गप्प झाली. इतकी गप्प की ढब्बूच्या घशातली घरघर मला दारात ऐकू आली.

आणि मग खालून पावलं आली. लाँड्रीवाली शिव्या देत जिना चढत होती. शिव्या कुठल्याही भाषेत कळतात हो. पण आजवर कुणाचं गोड बोलणं मला इतकं गोड लागलं नाही. ती आली ती हात उगारून, कुणी केलं, कोण आहे तो. दारातून आत बघितलं आणि तोच हात खिशात गेला. फोन काढला, लावला, लागला. पत्ता तिनं सांगितला. मी पण सोबत म्हणत होते, न थांबता, मला कुणी विचारलं पण नव्हतं.

गाडी आली. त्यांनी नाकाला नळी लावली, सुई दिली. मग एकदम तो सैल पडला. तो सैल पडला तेव्हाच मी सगळ्यात जास्त घाबरले. पण तो रडला. डॉक्टरांनी नंतर घड्याळावर बोट ठेवून समजावलं, अजून उशीर झाला असता तर, आणि पुढचं त्यांनी हातानं दाखवलं. मी मान फिरवली. ते मला बघायचं नव्हतं.

शनिवारी हे आले, तर मी सांगायच्या आधी लाँड्रीवालीनं यांना जिन्यातच गाठलं. काय बोलली कोण जाणे, बराच वेळ बोलली. हे वर आले, बूट न काढता पलंगाच्या कडेला बसले, झोपलेल्या ढब्बूच्या पोटावर हात ठेवला, आणि तसेच परत बाहेर गेले. आले ते इथला फोन घेऊन. बटणांचा आहे, काळा, साबणाच्या वडीएवढा. माझ्या हातात देऊन म्हणाले, लाव. मी यांचाच नंबर लावला. यांच्या खिशात वाजला. उचलायची काही गरज नव्हती, समोर तर बसले होते, पण दोघांनी पण तो बंद केला नाही. वाजू दिला.

तुमचा तो भारी फोन ढब्बूला खेळायला दिलाय. कानाला लावून काहीतरी बडबडतो आणि पलीकडून कुणीतरी बोलतंय असं हसतो.

वन्सं, या बटणांच्या फोनवर चित्र येत नाही. आईंना ढब्बू रोज दिसणार नाही. म्हणून एक मागते. हे पत्र आईंना वाचून दाखवा. पार्लरमध्ये नको, घरी, मोठ्यानं, सगळं. रडल्या तर रडू दे. सगळं बरं आहे असं इथून रोज हसून दाखवायचं आता माझ्यानं होणार नाही. आई मला काय म्हणायचं ते म्हणू देत. मी अजून घाबरते, ते काही गेलं नाही. झोपेत पण माझा हात त्याच्या कपाळावर असतो. पण इथंच राहीन म्हणते. यांना एकटं टाकून यायचं मन होत नाही, आणि आता खाली हाक जाते.

मला चुकलं-माकलं सांगत जा. दूर आहे म्हणून परकी करू नका.

तुमची
भागूबाई


१७ एप्रिल

चि. सौ. वहिनी,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. काल संध्याकाळी आईला खुर्चीत बसवली आणि पत्र मोठ्यानं वाचलं. दोनदा मीच थांबले, तिनं हातानं खूण केली, वाच पुढे. सायकलवाल्यापाशी ती उठून उभी राहिली. दांडा ओढलास तिथं परत बसली. संपल्यावर तिनं रुमाल हातात घेतला. मला वाटलं, आता डोळा जातो. मग विचारलंन काय, तर त्या बाईच्या चादरी परत धुवाव्या लागल्या का, आणि लागल्या असतील तर सुनेनं तिला हात दिला का. बघ, सासू ती सासूच.

माझं मागचं पत्र आता पोचलं असेल. त्यातली बंधुराजांसाठीची ओळ ठेव, बाकीचं फाडून टाक. ढब्बू कसा आहे ते नव्या फोनवरून कळवत जा. पार्लरमध्ये तुझी गोष्ट मी आत्तापर्यंत इतक्यांना सांगितलीय की तुझं भागूबाई हे नाव आता मला कुणी घेऊ देत नाही. नवीन शोधते आहे. तोवर नुसती माझी वहिनी म्हणून घे, आणि माझ्यावरचा राग निवळला की चार ओळी टाक.

तुझी
वन्सं

खाली आईचं आहे. ती सांगतेय तसंच लिहितेय, एक अक्षर माझं नाही.

सूनबाई, आशीर्वाद. रडले नाही मी, डोळा ठीक आहे. परक्याच्या इमारतीची लाइट घालवलीस, बेस केलंस. माझा लेक घाबरला नाही, माझी लेक घाबरली नाही, त्यांनी काय दिवे लावले ते मी ऐकलं. तू अशीच घाबरत जा. कुणी हसलं तर माझं नाव सांग.